तीनचाकीच्या चाकातलं दूध

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझा भाचा रोह्याला आला तो नवी सायकल घेऊन. ट्यूबलेस टायरची. आत ट्यूबच नाही, नुसतं पांढरं औषध, काटा घुसला की भोक आपोआप बुजवणारं. पावसासाठी खोल खाचांचे टायर चढवायचे म्हणून तो अंगणात बसला आणि पहिलाच टायर उतरवताना आतलं सगळं औषध स्वतःच्या पँटवर ओतून घेतलं.

"आत्या, हे धुतलं की जातं ना?"

"नाही जात," मी म्हटलं. "माझ्या किती साड्या गेल्यात त्यात."

त्याला वाटलं, मी थट्टा करतेय. मग संध्याकाळी त्याला सांगितलं तेच आता इथे लिहिते आहे.

नव्वदच्या दशकात पेणला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माहेर रोह्याचं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडिलांचं असंच दुकान होतं. भाऊ तिथे बसायला कंटाळायचा, मला मात्र अभ्यासापेक्षा तेच आवडायचं. लग्न होऊन पेणला आले. आमच्या ह्यांची रोह्याच्या कंपनीत शिफ्ट. ते रोज माझ्या माहेरगावी कामाला जायचे आणि मी माहेरचं काम सासरी थाटून बसले होते.

नवं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "मालक कुठे गेलेत?" मीच, असं सांगितलं की त्यांच्या हातातून सायकलचं हँडल सुटायचं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर माझ्यासमोर उकिडवं बसून पॅच सुकेपर्यंत तो स्वतःच्या अंगठ्यानं दाबून धरला. बाईमाणसाच्या पॅचवर भरवसा कसा ठेवायचा? पुढे तेच गृहस्थ आपल्या सुनेला सायकल शिकवायला माझ्याकडे घेऊन आले, ती गोष्ट वेगळी.

बाहेरच्यांना वाटतं, पंक्चर म्हणजे पंक्चर. आमच्याकडे तसं नव्हतं. उन्हाळ्यात बाभळीचा काटा. तो बारीक, खोल जाणारा. पावसात काटा कमी, पण खाडीकडच्या बांधांवर चिखलात कालवांच्या शिंपल्या रुतलेल्या असतात. कालवं फोडून खाल्ली की शिंपल्या तिथेच पडतात, आणि त्यांची धार वस्तऱ्यासारखी. त्यात मिठागरांची खारी हवा. रिम गंजते, गंजाचा पापुद्रा आतून ट्यूबला घासतो. म्हणून जाणती गिऱ्हाइकं वर्षातून दोनदा यायची. मृगाच्या आधी गुळगुळीत टायर उतरवून खाचांचे चढवायचे, रिम घासून तेलाचा हात द्यायचा. दिवाळीनंतर उलट. खाचांचा टायर कोरड्या रस्त्यावर झिजतो आणि ओढायला जड जातो. घरातली छत्री जशी माळ्यावर जाते तसे आमच्याकडे लोकांचे टायर माळ्यावर जायचे.

औषधाशी माझी ओळख एका फिरत्या विक्रेत्यानं करून दिली. मुंबईहून बाटल्या घेऊन आला, एका ट्यूबमध्ये ते ओतलं, माझ्यादेखत टाचणी टोचली आणि चाक गरागरा फिरवलं. क्षणभर फुसफुस झाली आणि थांबली. मी चार बाटल्या ठेवून घेतल्या. त्या संपल्या तसा तो विक्रेताही संपला, परत काही दिसला नाही. बाटलीच्या बुडाशी राहिलेलं औषध मी बोटांत चोळून पाहिलं, वास घेतला. नाकात झिणझिण्या आल्या. हा वास मी कुठेतरी घेतला होता.

तो पेणजवळच्या हमरापूरला घेतला होता. तिथे गणपतीच्या मूर्तींचे रबरी साचे करतात. मूळ मूर्तीवर रबराच्या चिकाचे थरावर थर देतात, सुकले की मोजा काढावा तसा साचा सोलून काढतात. त्या चिकाला तिकडे दूधच म्हणायचे. माझी एक ओळखीची, सुगंधा, तिच्या घरी हेच काम. मी बाटली घेऊन तिच्याकडे गेले. तिनं झाकण उघडून वास घेतला आणि हसली.

"अगो, हे तर आमचंच दूध हाय. पाणी घातलेलं."

मग आमचे प्रयोग सुरू झाले. नुसतं दूध ट्यूबमध्ये उन्हाळ्यात लवकर गोळा होतं. पाणी जास्त झालं तर भोक बुजत नाही. पाण्याबरोबर थोडं ग्लिसरीन घातलं तर ते जास्त दिवस पातळ राहतं, आणि वस्त्रगाळ केलेला लाकडाचा भुसा घातला तर भोकात गच्च बसतं. हे सगळं एका दिवसात कळलं नाही. कितीतरी ट्यूबा वाया गेल्या. दूध भरताना ट्यूबचा हवा भरायचा वाल काढावा लागतो, आणि भरल्यावर चाक असं फिरवायचं की वाल वर राहील. खाली राहिला तर दूध वालातच गोठतं आणि मग पंप मारून हात मोडले तरी हवा आत जात नाही. वाल पितळेचा, त्या दुधानं काळा पडतो, तो पुसून घ्यायचा. डबा सावलीत, झाकण गच्च. हाताला आधी खोबरेल लावायचं, नाहीतर रात्री जेवताना बोटं एकमेकांना चिकटतात. आणि जुने गोळे गटारात टाकायचे नाहीत. मी एकदा टाकले, तर अख्ख्या आळीचं पाणी तुंबलं होतं.

हे दूध खऱ्या अर्थानं कामाला आलं ते काशीनाथदादांच्या.

काशीनाथदादा खाडीकाठच्या एका गावचे. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. दंड मात्र असे की मिठागरावरचे गडी त्यांच्याशी पंजा लढवायला घाबरायचे. एका शिबिरात त्यांना हातानं पॅडल मारायची तीनचाकी मिळाली होती. गावानं त्यांना उघाडीचं काम दिलं होतं. उघाडी म्हणजे खारबांधातला लोखंडी दरवाजा. ओहोटीला तो उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती लागायच्या आत बंद करायचा. वेळेवर बंद झाला नाही तर खाडीचं पाणी भातात शिरतं, आणि खारं पाणी शिरलेली जमीन पुढची दोन-तीन वर्षं नीट पिकत नाही. दरवाजा वरखाली करायला मोठं चक्र. काशीनाथदादा तीनचाकी त्या चक्राला टेकवून बसायचे आणि दोन्ही हातांनी ते असं फिरवायचे की बघत राहावं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एके सकाळी ते दुकानासमोर येऊन थांबले. मागे त्यांची बायको हिरा, चालत. ती नेहमी मागेच असायची. चढ आला की ढकलायला.

"वहिनी," ते म्हणाले, "माझी नोकरी तुमच्या हातात हाय."

मी म्हटलं, "दादा, आधी चहा घ्या."

"चहा नको. ऐका."

झालं होतं ते असं. आदल्या पावसात उघाडीवर जाताना बांधावरच त्यांची तीनचाकी पंक्चर झाली. आपण पंक्चर झाल्यावर सायकल हातात धरून चालत जातो. ते काय करणार? कोणी येईपर्यंत बसून राहिले. तेवढ्यात भरती लागली. उघाडीला लागून रामभाऊंची शेती होती. त्यात पाणी शिरलं आणि त्या वर्षीचं भात गेलं. आता गावकीत, गावच्या बैठकीत, रामभाऊंनी विषय काढला होता की हे काम माझ्या पुतण्याला द्या, त्याला पाय आहेत.

"रामभाऊ वाईट माणूस आहे का?" मी विचारलं.

"नाय," हिराच म्हणाली. "त्याचं भात गेलं गो वहिनी. तो काय करल?"

काशीनाथदादा तिच्यावर खेकसले, "तू त्याची वकील हायस काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गावानं येवढा पाऊस दिलाय मला. ह्या पावसात परत अडकलो तर काम पुतण्याला. काम गेलं तर गाव मजुरीचं भात देतं ते जाईल, ते जाऊ दे. पण मग मी दिवसभर ओटीवर बसून करू काय? माश्या मोजू?"

मी त्यांना दूध दाखवलं. साफ सांगितलं की काटा, खिळा, टाचणी, याला हे पुरेल. शिंपलीनं टायर फाटला तर नाही पुरणार. ते म्हणाले, "बाभळीचा काटा थांबवा, शिंपलीचं मी बघतो."

त्या उन्हाळ्यात त्यांनी मुद्दाम काट्यांवरून तीनचाकी घातली. खरंच. हिरानं येऊन तक्रार केली. दर दोन-तीन आठवड्यांनी मी टायर तपासायचे, तर त्यात मोडलेले काटे आणि प्रत्येकाभोवती रबराचा पांढरा ठिपका. काशीनाथदादा ते ठिपके येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, जणू लढाईतल्या जखमा. त्यांच्यामुळे खाडीकडची बरीच गिऱ्हाइकं दूध घालून घ्यायला आली. त्यातल्या काहींचे वाल गच्च होऊन बसले आणि त्यांनी मला शिव्याही दिल्या.

मृगाच्या आधी मी तीनचाकीचे तिन्ही टायर उतरवले. आत उन्हाळाभरच्या दुधाचे चिकट गोळे झाले होते. ट्यूबा बदलल्या, रिमा घासल्या, खाचांचे टायर चढवले, ताजं दूध भरलं. सुगंधानं त्यासाठी खास घट्ट दूध बाजूला काढून ठेवलं होतं. हमरापुरात तेव्हा हंगाम जोरात, एकेक डबा मोलाचा, तरी तिनं ठेवलं.

पावसाचा पहिला भाग बरा गेला. मग श्रावणातल्या अमावास्येचं उधाण आलं. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या गावातच होते. पावसात त्यांना पेणला येणं जड, म्हणून चाकांत दूध घालायला मीच हत्यारांची पिशवी घेऊन गेले होते. हिरा लांबच्या शेतावर तण बेणायला गेली होती. दूध घालून झालं, आणि दोन दिवस कोसळणाऱ्या पावसानं शेतं तुडुंब भरली होती म्हणून दादांनी दुपारची भरती ओसरल्यापासून उघाडी उघडी ठेवली होती, ती बंद करायची वेळ झाली. मी म्हटलं, चला, मीही येते, बघू तरी तुमचं चक्र.

ते पुढे, मी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन मागे. बांधाच्या एका अंगाला भात, दुसऱ्या अंगाला खाडी. अर्ध्या वाटेवर गेलो आणि सर्रकन आवाज झाला. मागच्या डाव्या चाकातून दुधाची धार उडाली, माझ्या साडीवर, चिखलावर.

"चाक फिरवत राहा, थांबू नका!" मी ओरडले. त्यांनी फिरवलं. धार थांबली नाही. खाली वाकून पाहिलं तर टायर कडेला बोटभर फाटला होता. शिंपली अजून आतच होती. पॅच लावावा तर भर पावसात ओल्या रबराला तो धरत नाही.

दादांनी खाडीकडे पाहिलं. पाणी फिरलं होतं. आत यायला लागलं होतं.

"मी पळत जाते आणि चक्र फिरवते," मी म्हटलं.

"तुमच्यानं हलायचं नाय ते. आणि वाकडंतिकडं फिरवलंत तर दरवाजा अर्ध्यात अडकल. मग माझ्या बापालाही बंद होयाचा नाय."

"मग तुम्हाला उचलून नेऊ?"

"वहिनी, ही मस्करीची वेळ हाय काय?"

मस्करी नव्हतीच ती. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मग रोह्याच्या दुकानातलं वडिलांचं एक काम आठवलं. जंगलातून मोळ्या आणणाऱ्यांच्या सायकली कधी कधी टायरमध्ये पेंढा भरून यायच्या, आणि वडील तो पेंढा उपसून नवी ट्यूब घालायचे. मी म्हटलं, "दादा, खाली उतरा. गवत उपटा."

"काय?"

"गवत! लांब लांब उपटा आणि वेणी वळा. घट्ट."

ते हातांवर भार देऊन खाली उतरले. मी तीनचाकी आडवी केली, टायरची एक कड रिमवरून सोडवली, ट्यूब सुरीनं कापून ओढून काढली. दादा चिखलात बसून गवताच्या वेण्या वळत होते. माझ्या जन्मात मी एवढ्या भरभर वळलेल्या वेण्या पाहिल्या नाहीत. मी त्या टायरमध्ये ठासत होते, तोंडानं काय बडबडत होते ते आठवत नाही. मनात मात्र स्पष्ट होतं की इतके महिने ज्या दुधाचा मला एवढा अभिमान, ते इथे चिखलात सांडलंय आणि गुरांचं गवत कामाला येतंय.

टायर बसवला. तो काही गोल झाला नाही, पण रिम जमिनीला लागत नव्हती. दादा वर चढले, ते पुढून पॅडल मारायला लागले, मी मागून ढकलायला. ती गाडी अशी हेलकावत चालली की भरतीतल्या होडीतच बसलोय असं वाटावं. ते ओरडत होते, "ढकला, वहिनी, ढकला!" आणि मी म्हणत होते, "ढकलतेय ना!"

उघाडीवर पोचलो तेव्हा खाडीचं पाणी दरवाजातून आत यायला लागलं होतं. रामभाऊ आधीच तिथे होते. बांधावर उभे राहून चक्राशी झटत होते, आणि ते हलत नव्हतं. साठीचा माणूस, धोतर भिजून अंगाला चिकटलेलं. दादांना बघून ते बाजूला झाले. दादांनी तीनचाकी टेकवली आणि चक्र धरलं. आधी थोडं उलटं फिरवलं, मग सुलटं. दुसऱ्या बाजूनं रामभाऊंनी आणि मी हात लावला. दरवाजा कुरकुरत खाली उतरत गेला आणि पाण्याचा आवाज बंद झाला.

मग आम्ही तिघं नुसते धापा टाकत राहिलो. रामभाऊ वळले आणि त्यांनी आपल्या शेताकडे पाहिलं. खालच्या कोपऱ्यात पाणी शिरलं होतं. बाकीचं वाचलं होतं, पण तो कोपरा गेला होता. दादा मान खाली घालून म्हणाले, "रामभाऊ, शब्द मोडला माझा. पुतण्याला सांग उद्यापास्नं."

रामभाऊ तीनचाकीच्या चाकाकडे बघत होते. फाटलेल्या टायरमधून गवताचे शेंडे बाहेर आले होते. त्यांनी एक शेंडा बोटानं आत ढकलला.

"बाई, हे तुमी केलंव?"

"आम्ही दोघांनी."

"हं," ते म्हणाले, आणि शेतात उतरून कोपरा बघायला गेले.

गावकी बसली त्याला मी नव्हते. हिरानं दुकानात येऊन सांगितलं ते लिहिते. रामभाऊ उभे राहिले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता पुतण्याचं नाव घेणार. ते म्हणाले, "दरवाजा माझ्यानं हलला नाय. माझ्या पुतण्याच्यानं तरी कसा हलल? दोष काशीनाथाचा नाय, वाटेचा हाय." मग कोणीतरी सुचवलं की काशीनाथाला उघाडीपाशीच खोपटं बांधून देऊ, म्हणजे येण्याजाण्याची कटकट नको. सगळ्यांना पटलं. काशीनाथदादा मात्र भडकले.

"मला तिथं खेकड्यांत टाकताव काय? मी गावात ऱ्हाणार. माणसांत. वाट नीट करा."

गावकीत बरीच बाचाबाची झाली. शेवटी पाऊस उलगडल्यावर गावानं श्रमदान काढलं. बांधावरच्या शिंपल्या वेचल्या, गावापासून उघाडीपर्यंत मुरूम टाकून वाट चोपली. रामभाऊंचा पुतण्या सगळ्यांत पुढे होता म्हणे. काम काशीनाथदादांकडेच राहिलं. रामभाऊंचा तो कोपरा मात्र पुढचे दोन पावसाळे पिकला नाही. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि दादा तो कोपरा ओलांडताना कधी तिकडे बघायचे नाहीत.

दुधाचा धंदा मी वाढवला नाही. कोणी म्हणायचं, बाटल्यांत भर, लेबल लाव, विक. ते जमलं असतं की नसतं, सांगता येत नाही. सुगंधाच्या घरच्यांनी पुढे साचे करणं सोडलं, नंतर मोटारसायकली आल्या, माझे गुडघेही कुरकुरायला लागले आणि मी दुकान आवरून रोह्याला राहायला आले. कधी कधी वाटतं, निदान त्या मिश्रणाचं प्रमाण तरी कोणाला शिकवायला हवं होतं.

वाट झाली त्या वर्षी दिवाळीनंतर दादा तीनचाकी घेऊन आले, कोरड्या दिवसांचे टायर चढवायला. मी खाचांचे टायर उतरवत असताना हिरा दुकानातल्या जुन्या सायकलींपाशी घुटमळत होती. एका लेडीज सायकलच्या घंटीवर तिनं बोट ठेवलं, वाजवली नाही.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "माज्या वयाच्या बाईला येतं काय हे?"

दादा मोठ्यानं हसले. मी हसले नाही. मी ती सायकल बाहेर काढली, हवा भरली आणि सीट खाली घेतली.

शिकवायला मी चार-पाच वेळा त्यांच्या गावी गेले. मुरूम टाकलेल्या त्या वाटेवर, खाडीच्या वाऱ्यात, ती किती वेळा पडली आणि एकदा तर थेट रामभाऊंच्या बांधाखाली गेली. शेवटच्या वेळी मी मागून सीट धरली होती आणि मध्येच सोडली. तिला कळलंच नाही. साडीचा पदर खोचून, मान ताठ करून ती सरळ उघाडीच्या दिशेनं निघाली. काशीनाथदादा तीनचाकीवर मागे, दोन्ही हातांनी जिवाच्या आकांतानं पॅडल मारत.

"हिरा, हळू गो! मला मागं टाकतीस काय?"

तिनं घंटी वाजवली, पण ती थांबली नाही.